डोकं माझं, जागा आयची

वेसाव्याला आमच्या दारासमोर बोंबील वाळत घातले की आयचं आणि कावळ्यांचं भांडण सुरू व्हायचं. आय म्हणजे आई. आम्ही कोळी, आमच्यात आयच म्हणतात, आणि पासष्टी ओलांडली तरी तिच्यासाठी दुसरा शब्द माझ्या तोंडात बसत नाही. पावसाळा सरून ऊन तापायला लागलं की गावात जिथं म्हणून मोकळी जागा असेल तिथं बांबूंच्या उभ्या-आडव्या वलांड्या उभ्या राहत आणि त्यांच्यावर बोंबलांच्या जोड्या, जबड्यात जबडा अडकवून, ओळीनं लटकत. पहिल्या दिवशी ओले, मऊ, लोंबते. तिसऱ्या दिवशी ते काटक होऊन वाऱ्यावर खुळखुळायला लागत. आय चुलीपुढं तांदळाच्या भाकऱ्या थापत असे, हात पिठात आणि डोळा दारात. कावळा उतरला की तिथूनच ओरडायची, "हाड् मेल्या! तुज्या बापासचं हाय का?" माझे वडील, बापूस, होडीवर नसले तर दाराशी जाळं सांधत बसलेले असत, ते हसत. भाकरीबरोबर कधी बोंबलाचं आंबट, कधी सुक्या जवळ्याची चटणी, आणि पानात काही उरलं तर आय अशी बघायची की परत उरवायची छाती होत नसे. घराला मासळीचा वास होता म्हणतात. असेल. आम्हाला तो कधी आला नाही.

आयची अंधेरीच्या बाजारात जागा होती. हे वाचून आज कुणाला काही वाटणार नाही, पण आमच्यात होडी पुरुषाची आणि बाजारातली जागा बाईची. सासू सुनेला देते, नाहीतर आय लेकीला. कागद नाही, सही नाही. दोन-तीन म्हाताऱ्यांसमोर शब्द द्यायचा, ओट्यावर नारळ फोडायचा, झालं. आणि एकदा दिलेला शब्द कुणी मागं घेतला असं मी आजवर पाहिलेलं नाही. आयला तिच्या सासूनं दिलेली जागा दारातून शिरल्यावर पहिल्याच ओट्यावर होती, मोक्याची. माझी हिराकाकी, म्हणजे आयची धाकटी जाऊ, तिला जागा नव्हती. ती डोक्यावर पाटी घेऊन इमारती-इमारतींचे जिने चढायची आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन गुडघे चोळत बसायची. आय मात्र त्या ओट्यावर कोयता पुढ्यात घेऊन बसली की तिचा आवाजच बदलायचा. घरी ती बापूसला घाबरायची थोडी. तिथं ती कुणाच्या बापाला घाबरत नसे.

त्या ओट्यावर बसून ती पापलेटाबरोबर मलाही विकायची, असं मी तेव्हा चिडून म्हणायची. "माजी पुष्पी नववीत पैली आयली. आता दहावी. हापिसात खुर्चीवर बसनार ती," हे प्रत्येक गिऱ्हाइकाला. बांगड्याचे तुकडे करता करता माझे मार्क. मग ही गिऱ्हाइकं मला रस्त्यात, बसस्टॉपवर, शाळेच्या फाटकाशी गाठत. "काय गं, तूच ना ती? यंदा बोर्डात येणार म्हणे!" मी हसून मान हलवायची. आयचं काही खोटं नव्हतं, मी खरंच पहिली यायची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहावीच्या पुढे गेलं नव्हतं, तिनं कौतुक करायचं नाही तर कुणी करायचं? पण दहावीला बीजगणित आलं आणि माझी वाट लागली. का लागली ते आजही सांगता येत नाही. बाई फळ्यावर करून दाखवत तेव्हा सगळं कळे, आणि पेपर समोर आला की हात थंड पडत.

सहामाहीचे पेपर बर्वेबाईंनी वाटले तो दिवस. बर्वेबाई आम्हाला गणित शिकवायच्या, उंच, किडकिडीत, कधी आवाज चढवायच्या नाहीत. पेपर वाटताना त्या माझ्या बाकाशी क्षणभर थांबल्या आणि पेपर उलटा ठेवून पुढे गेल्या. शंभरात अठ्ठावीस. मी तो आकडा बघत राहिले, आणि बघता बघता त्यातला आठ अर्धाच दिसायला लागला. डोळ्यांसमोर एक वाकडीतिकडी, लखलखणारी रेघ आली, ती हळूहळू पसरत गेली. मला वाटलं, आपण आंधळे झालो. अर्ध्या तासानं ती रेघ गेली आणि डाव्या डोळ्याच्या मागून कळ सुरू झाली, कुणी आतून मूठ आवळतंय अशी. बसमधून घरी कशी आले ते देवाला ठाऊक. दाराशी पोचले, वलांडीवर ताजे बोंबील लोंबत होते, त्यांचा वास नाकात शिरला आणि मी तिथंच, वलांडीखाली, भडाभडा ओकले.

आयनं पाहिलं ते एवढंच. लेक शाळेतून आली, बोंबलाचा वास घेतला, ओकली, डोकं धरून अंधारात पडली. वास तर मला खरंच सोसत नव्हता. उजेड सोसत नव्हता, भांड्याचा आवाज सोसत नव्हता, पण उजेडाचं आणि भांड्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कोळ्याच्या घरात मासळीनं पोर ओकते म्हणजे आक्रीतच! आयनं आधी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. मग सुंठ उगाळून कपाळाला लावली. कुणीतरी सांगितलं म्हणून तीन दिवस सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खाऊ घातली, ती मात्र मला आवडली. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, "अर्धशिशी आहे. काहींना वासाचा त्रास असतो." संपलं. आयनं ते शब्द पदरात बांधून घेतले. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा चाचणी, पुन्हा डोकं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा आयनं दारासमोरच्या वलांड्या काढून पार दुसऱ्या टोकाला, वाळूत नेऊन बांधल्या. घरात मासळी शिजायची बंद झाली. बापूस होडीवरून येऊन वरणभात बघत आणि मुकाट जेवत.

आणि तो पेपर? त्यावर पालकांची सही लागायची. आय अंगठा लावायची. मी तिच्या बोटाला शाई लावली, तिनं मार्कांचं विचारलं, "कवरे आयले?" मी म्हटलं, "बरे आयले." तिनं अंगठा उठवला आणि शाईचं बोट पदराला पुसत म्हणाली, "मना ठाव व्हतं." मना म्हणजे मला. म्हणजे नापास झाल्याच्या कागदावर मी माझ्या आयच्या कौतुकाचा अंगठा घेतला. माझं डोकं मासळीनं दुखत नाही हे मला तेव्हाच माहीत होतं. पुस्तकातलं नाव माहीत नव्हतं, पण माझं मला कळत होतं. चाचणी असली की दुखतं, सुट्टीत दुखत नाही, दिवाळीत तर मी वलांडीखाली बसून गजरे केले होते. पण वासाचं कारण मला सोयीचं पडलं. वास म्हटलं की नापास म्हणावं लागत नव्हतं.

माझी नात सई, कांदिवलीला असते, माझ्याच मुलाची. यंदा दहावीला आहे. तिचंही डोकं असंच उठतं, तीच रेघ, तीच डावी बाजू. तिच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्याशी एकटीशी अर्धा तास बोलून मग सांगितलं, परीक्षेचा ताण, काळजी, जागरण, जेवणाच्या वेळा चुकवणं, यानं या वयात मायग्रेन उठतं. झोप नीट, खाणं वेळेवर, गोळी लवकर, आणि मुख्य म्हणजे मनात काय चाललंय ते बोलायचं. सई मोबाईलवर रोज लिहून ठेवते, कधी दुखलं, त्याआधी काय झालं. मी शेजारी बसून ऐकत होते आणि मला घाम फुटला. सून म्हणाली, "आई, तुम्हाला बरं नाही का?" मी म्हटलं, "मला काय धाड भरलीये!" घरी येऊन मात्र हे प्रकरण लिहायला घेतलं.

जानेवारी उजाडला तसं आयनं स्वतःच पुढाकार घेतला. बाजार आटपून, अंग धुऊन, धुवट लुगडं नेसून ती शाळेत आली आणि बर्वेबाईंना शिक्षकांच्या खोलीबाहेर गाठलं. मी बाजूला उभी. "बाई, घरी वासानं पोरीचा डोका उठतं. तुमच्या घरी मासली नाय. परीक्षा होईपरेन ठेवा तिला." बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ठेवते. गणिताचंही बघता येईल." बाईंना वाटलं आयला सगळं ठाऊक आहे, पेपरावर अंगठा होता ना! आयला वाटलं बाई शिक्षिका म्हणून गणित म्हणतायत. आणि त्या दोघींच्या मधे मी, सगळं ठाऊक असलेली एकटी, तोंडाला कुलूप लावून उभी.

बाई जोगेश्वरीला राहायच्या, लेण्यांपासून दहा मिनिटांवर, एका तीन मजली इमारतीत वरच्या मजल्यावर. एकट्या. लग्न केलेलं नव्हतं, का ते विचारायची हिंमत नव्हती. गॅलरीतून लांब आरेची झाडी दिसायची. सकाळी त्या पेटीवर सूर धरून बसत, मग पोहे, मग शाळा. संध्याकाळी मऊ भात, मेतकूट, आणि जेवणाच्याच टेबलावर रोज एक गणित. घर इतकं शांत की घड्याळ ऐकू यायचं. मला पहिले दोन दिवस कावळे नाहीत म्हणून झोप लागेना. तिथं मी "मना" सोडून "मला" म्हणायला लागले, "नाय"चं "नाही" केलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, "उद्या आपण पूर्ण पेपर सोडवू." दुसऱ्या दिवशी दुपारी ती रेघ हजर. स्वयंपाकघरात बाईंनी आमटीला फोडणी दिली, हिंगाचा वास आला, आणि मी मोरीपर्यंतही पोचले नाही. ज्या घरात अंडंसुद्धा शिरत नव्हतं तिथं मी हिंगाला ओकले! बाईंनी पडदे ओढले, कपाळावर ओला पंचा ठेवला, रात्रीतून दोनदा उठून बघून गेल्या. असं पुन्हा झालं, पुन्हा झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं फुल्या केल्या आणि मला बोलावलं. "पुष्पा, हे बघ. शनिवारी पेपर, शुक्रवारी डोकं. बुधवारी चाचणी, बुधवारी डोकं. या रविवारी काहीच नव्हतं, तू छान होतीस. आता मासळीचं काय करायचं, सांग." मी फुल्या पुन्हा मोजल्या. त्या म्हणाल्या, "भीती वाटते, एवढंच ना? मग भीती वाटते म्हणावं. मी म्हणते की." मी विचारलं, "तुम्हाला कसली भीती?" त्या हसल्या, "इन्स्पेक्शनची. पोट बिघडतं माझं." त्या दिवसापासून त्या गणित द्यायच्या आधी मला जेवायला घालत, आणि चुकलं तर नुसतं "हं, इथे घसरलीस" म्हणत. हळूहळू गणित यायला लागलं. "आईंना हे सांगितलंस का?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा "हो" म्हटलं.

सोमवारी गिऱ्हाईक कमी, बरेच लोक उपास करतात. म्हणून आय दर सोमवारी यायची. शिकेकाईनं केस धुऊन, हात लिंबानं घासून, धुवट लुगडं, डोक्यात अबोली. इमारतीच्या आवारात एक बदामाचं झाड होतं, त्याखाली उभी राहून हाक मारायची, "पुष्पे गो!" बाई गॅलरीतून म्हणत, "अहो, वर या ना." आय दोन्ही हात हलवायची, "नको बाई, मी हितंच बरी. पोरीला तरास नको." मी खाली जायची. ती चार हात लांबून बोलायची. भाकऱ्यांचं फडकं कट्ट्यावर ठेवून मागं सरायची, मग मी ते उचलायचं. विचारायची एकच, "डोका दुकला का?" आणि मी म्हणायची, "नाय."

आता लिहायलाच बसले आहे तर खरं लिहिते. ती वर येत नव्हती याचं मला बरं वाटायचं. त्या इमारतीतल्या मुली जिन्यातून जाताना आयकडे बघत, नाकाला रुमाल लावत नसत, तसल्या नव्हत्या त्या, पण मला आपलं वाटायचं की लावतील. आय चार हात लांब उभी राहायची ती माझ्या डोक्यासाठी, आणि मी तिला राहू दिलं ते माझ्या लाजेसाठी. पंधरा-सोळाचं वय होतं वगैरे म्हणून मी स्वतःला सोडत नाही.

बोर्डाला आठ दिवस उरले होते तो सोमवार. आय आली ती खुशीत. "दोन महिनं डोका नाय दुकला म्हंजे वासच व्हता तो," ती म्हणाली. "मी इचार केला पुष्पे. परीक्षा झाली की तू घरी येनार. वलांड्या लांब नेल्या, पन वास माज्या अंगात हाय, केसात हाय. म्हनून जागा हिराला देऊन टाकली. तीन म्हाताऱ्यांसमोर बोलले. शिमग्याच्या आदी, परवा, नारल फोडतंव. मी आपली घरी जाली सांधीन. तू कालेजात जा, निवांत."

आयची जागा! बदामाचं झाड होतं त्याच्या जागी ती लखलखती रेघ आली. मी पुढे झाले तशी आय मागं सरली, "लांब रव गो, वास लागंल." मी ओरडले, "वासानं नाय दुकत आय! वासानं कदीच नाय दुकलं!" मग सगळंच बाहेर पडलं. बीजगणित, अठ्ठावीस, अंगठा, फुल्या, हिंग. इथं दोन महिन्यांत चार वेळा दुखलं हेही. परीक्षेची भीती वाटते, तू बाजारात सगळ्यांना सांगतेस, नापास झाले तर तू त्या ओट्यावर तोंड कसं दाखवशील, या विचारानं डोकं उठतं. हे मी तिलाच सांगत होते, जिनं तो ओटाच देऊन टाकला होता.

आयनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाईंना ठाव हाय?"

"हाय."

"म्हंजे बाईंना ठाव. मना नाय."

मी म्हटलं, "मी काकीला सांगतंय. काकी ऐकंल माजं."

"खबरदार!" आयचा बाजारातला आवाज निघाला. "परवा रडली ती माज्या गल्यात पडून. वीस वरसं जिने चढते. तिच्या तोंडचा घास काडू? शब्द दिलाय मी."

तेवढ्यात मी झाडाला धरून ओकले. मग ती मागं सरली नाही. एका हातानं माझं कपाळ धरलं, दुसऱ्यानं पाठ, आणि तशीच मला जवळजवळ उचलून तीन जिने चढली, बर्वेबाईंच्या घरात पहिल्यांदा शिरली. बाईंनी पडदे ओढले. आय जमिनीवर बसली आणि माझं डोकं तिनं मांडीवर घेतलं. शिकेकाईच्या खाली मासळीचा वास होता, आणि खोटं कशाला बोलू, त्या वेळी तोही सोसत नव्हता. तरी मी तोंड बाजूला केलं नाही. बाई आणि आय एकमेकींशी काय बोलल्या ते मला ऐकू येत होतं, पण कळत नव्हतं. मी दोन तास झोपले. उठले तेव्हा बाईंच्या टेबलावर बसून आय आमच्याच भाकरीबरोबर त्यांचं मेतकूट खात होती.

पुढचं सांगून टाकते. मी पास झाले. दुसऱ्या वर्गात, बोर्डाबिर्डात नाही. गणितात काठावर तरले, आणि त्या पेपरालाही डोकं दुखलंच, पण आदल्या दिवशी आयला "भीती वाटते" म्हणून झालं होतं, त्यामुळे ते पहिल्यासारखं उसळलं नाही. नंतर कचेरीत खुर्चीही मिळाली. सईला मी हे सांगते तेव्हा ती विचारते, "मग पणजीची जागा?" जागा गेली.

परीक्षेआधीच्या त्या बुधवारी मी अभ्यास सोडून बाजारात गेले. आठवीपासून मी तिथं पाऊल टाकलं नव्हतं. आयनं ओटा धुतला, कोयत्याला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. हिराकाकीला हाताला धरून बसवलं. काकी नवं लुगडं नेसली होती, रडत होती, हसत होती. मग आय तिच्या बाजूला उभी राहून गिऱ्हाइकांना हाका मारायला लागली, "या ताई, आजपासून हिराकडून घ्या हां. माजी जाऊ ती. पापलेट बगा, आताच उतरलंय." ओळखीच्या बायका थांबल्या. एकीनं विचारलं, "आणि तू गं?" आय म्हणाली, "माजे गुडघे गेले आता." तिचे गुडघे ठणठणीत होते. पहिली विक्री काकीच्या हातून झाली, म्हाताऱ्यांनी गूळ-खोबरं वाटलं, आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही. आय ओट्यासमोर, गिऱ्हाइकं उभी राहतात त्या ओल्या फरशीवर उभी होती. लोक तिला ओलांडून जात होते. कुणाची पाटी लागली, ती सरकली. पुन्हा कुणीतरी आलं, पुन्हा सरकली. एवढ्या वर्षांत त्या बाजारात ती कधी उभी राहिली नव्हती, त्यामुळे उभं कुठं राहायचं हे तिला कळत नव्हतं. मी तिचा हात धरून तिला बाहेर आणलं.

बसस्टॉपवर मला रडू फुटलं. मी म्हटलं, "आय, माज्यामुले तुजी जागा गेली."

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रस्त्याकडे बघत म्हणाली, "जागा माजी व्हती, मी दिली. त्याचं तू कशाला रडतंस?" आमची बस आली, ती तिनं जाऊ दिली. "पन तुज्या डोक्यात कल मारत व्हती, आन मी तुजी आय, मना तू खाली झाडाशी उभी ठेवलीस. दोन महिनं. त्याचं रड."

मी रडले. तिनं रडू दिलं.